नॅनचं माप

या, असे लांब बसू नका. खुर्ची जवळ ओढा, आणि तो मोबाईल जरा पालथा ठेवा... दहा मिनिटं त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. मला आधी तुम्हाला रागवायचंय. पेपर हातात आला की तुम्ही सगळे पहिल्यांदा व्यंगचित्र बघता. हसता, घरच्यांना दाखवता, फोटो काढून चार जणांना पाठवता. पण त्या चित्राच्या कोपऱ्यात मुंगीएवढी सही असते, ती कधी वाचलीत? नाही ना? मीही साठ वर्षं वाचली नव्हती, म्हणून तर हक्कानं बोलते. ज्यांच्यामुळे वाचायला लागले ते इनासभाऊ डिसेंबरच्या सुरुवातीला गेले. त्यांच्याबद्दल चार गोष्टी सांगायच्यात. मी सातवीपर्यंत शिकलेली, शिवणकाम करणारी बाई. वाक्य कुठे उसवलेलं दिसलं तर सांभाळून घ्या.

त्या दिवशी सकाळी मी एका नवरीच्या आईचा ब्लाउज बेतत होते. तोंडात टाचण्या. फोन वाजला, चौथ्या मजल्यावरून रीनाचा, म्हणजे भाऊंच्या मुलीचा. "आंटी, वर या ना... डॅडी उठत नाहीयेत." तोंडात चार टाचण्या असलेली बाई काय बोलणार? मी नुसतं "हं" केलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं निघाले. माझे गुडघे कसे आहेत ते बिल्डिंगमधल्या सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मी दोन मजले कशी चढले ते मलाच आठवत नाही. भाऊ कुशीवर झोपले होते, रोजच्यासारखे, हात गालाखाली. खिडकीजवळच्या टेबलावर निब धुऊन, फडक्यावर पालथी ठेवलेली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की टाचण्या अजून तोंडातच आहेत. एकेक काढली आणि त्यांच्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली. रीना म्हणाली, "आंटी, रडा ना." मी म्हटलं, "अगं, आधी टेबल आवर. तो कागद उन्हात पडलाय." माणूस अशा वेळी काहीही बोलतं... पण त्या कागदाचं महत्त्व तुम्हाला पुढे कळेल, म्हणून सांगितलं.

भाऊ मूळचे वसईचे. तरुणपणी पाट्या रंगवायचे, छापखान्यात जाहिरातींची अक्षरं काढायचे. त्यांची बायको नर्स. तिला न्यूझीलंडमधल्या एका छोट्या गावात हॉस्पिटलची नोकरी लागली आणि हे तिच्यामागून गेले. तिथल्या एका साप्ताहिकात वाणसामानाच्या जाहिरातींत भोपळे आणि साबणाच्या वड्या काढायला लागले. एकदा संपादकाचा नेहमीचा चित्रकार आजारी पडला आणि भाऊंना विचारलं, मंत्र्याचं चित्र जमेल का? "भोपळा जमतो, मंत्री का नाही जमणार?" असं म्हणाले होते म्हणे. तिथून पुढे दर आठवड्याला एक, अशी चौदा वर्षं. बायको गेली, साप्ताहिक बंद पडलं, आणि भाऊ शारजाला लेकीकडे आले.

मी बर दुबईला मीना बाजारच्या गल्लीत, कापडाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर बावीस वर्षं मशीन चालवलं. तिथलं भाडं झेपेना म्हणून मुलानं शारजात घर घेतलं, तेव्हा मशीन माझ्याबरोबर आलं. दारावर पाटीसुद्धा नव्हती, तरी भाऊ शोधत आले. हातात पांढरा सदरा. म्हणाले, "टेलरबाई, याला लांब खिसा लावून द्या. ब्रश मावला पाहिजे." खिसा तपासताना आत घडी घातलेलं पेपरचं कात्रण निघालं. मी उघडून बघितलं, मला सवयच आहे. एक मंत्री, नारळाच्या झाडाएवढा उंच, कोट घातलेला, शाळेच्या दाराला कुलूप लावतोय. खाली त्याच्या बुटापाशी काही मुलं आणि एक म्हातारी, अंगठ्याच्या नखाएवढी. मला हसू आलं. म्हटलं, "मंत्री झकास जमलाय हो. ही खाली कोण?" भाऊंनी कात्रण माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "तेच तर. सगळे मंत्र्यालाच बघतात."

मग त्यांनी मला सांगितलं, आणि पुढे सहा वर्षं सांगत राहिले. त्या देशात माओरी लोक मूळचे. इंग्लंडच्या राणीच्या माणसांनी त्यांच्याशी करार केला, दोन भाषांत दोन कागद केले, आणि त्या दोन कागदांत सारखं लिहिलेलंच नव्हतं. मग जमिनी गेल्या, कधी लढाईनं, कधी कायद्यानं. शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून मुलांना छड्या बसायच्या. भाऊंच्या गावाजवळ नदीकाठी माओरी लोकांनी आपली जमीन सरकारला शाळेसाठी दिली होती. विकली नव्हती हं, दिली होती, आपली पोरं शिकावीत म्हणून. पुढे सरकार म्हणालं मुलं कमी झालीत, शाळा बंद. आणि जमीन? ती म्हणे आता सरकारची, बाजारात काढणार. लोक म्हणाले, शाळा नाही तर जमीन परत द्या, आमची शाळा आम्ही चालवतो, आमच्या भाषेत चालवतो. त्या भांडणावर भाऊंनी अकरा व्यंगचित्रं काढली. केकसारखी कापलेली जमीन, छडी घेतलेला इन्स्पेक्टर, कुलूप लावणारा मंत्री. सगळी माओरींच्या बाजूची. गावात नाव झालं. संपादकाला धमक्यांची पत्रंही आली, त्याचा भाऊंना कोण अभिमान!

आणि एक दिवस ती म्हातारी स्वतः ऑफिसात आली. सगळा गाव तिला नॅन म्हणायचा, नॅन म्हणजे आजी. शाळेच्या जमिनीसाठी हिनंच सगळ्यांना उभं केलेलं. तिनं पिशवीतून अकराही कात्रणं काढून टेबलावर मांडली आणि म्हणाली, "तू आमच्या बाजूचा आहेस, तुझे आभार. आता यात मी कुठे आहे ते दाखव." भाऊंनी बोट ठेवलं. ती म्हणाली, "दुसऱ्यात?" पुन्हा बोट. अशी अकरा वेळा. मग म्हणाली, "माझी नातवंडं हे बघतात. अकराही चित्रांत आम्ही त्याच्या बुटापर्यंतच येतो. तो उभा आहे ती जमीन आमची, मग आम्हीच एवढेसे का?" भाऊंनी आपल्या धंद्यातली गोष्ट सांगितली, की ज्याच्यावर अन्याय होतो त्याला लहान काढायचं, म्हणजे वाचणाऱ्याला दया येते. नॅन म्हणाली, "दया कुणी मागितली होती?" कात्रणं गोळा केली, नीट पिशवीत घातली आणि गेली. महिन्याभरात साप्ताहिक बंद पडलं, वर्षभरात भाऊ इकडे आले. पुढे कळलं की नॅनही गेली. तेव्हापासून भाऊ स्वतःजवळचं कुलपाचं कात्रण खिशात घेऊन फिरत होते. मी त्यांच्या सात सदऱ्यांना लांब खिसे लावले, सातातही ते कात्रण असायचं.

गेल्या उन्हाळ्यात रीनाला एक ईमेल आली. नॅनच्या नातीची. बारा-तेरा वर्षं अर्ज, खेटे, नदीकाठी धरणं... शेवटी जमीन परत मिळाली. तिथे त्यांची शाळा सुरू झाली, नात तिथली मुख्य बाई. तिनं लिहिलं होतं, आजीनं तुमची अकराही चित्रं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. आम्हाला ती शाळेच्या भिंतीवर लावायचीत, मूळ चित्रं असतील तर द्याल का? रीना आनंदानं खाली पळत आली, मी शिरा केला. आणि भाऊ? शिऱ्याला हात लावेनात. दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत. मी वर गेले, म्हटलं, "काय हो, लग्नघरात रुसलेल्या जावयासारखं काय बसलाय?" म्हणाले, "टेलरबाई, ती पोरं रोज सकाळी त्या भिंतीसमोरून जाणार. रोज बघणार की आपण बुटाएवढे." मग त्यांनी रीनाला समोर बसवून उत्तर लिहून घेतलं. ती चित्रं मिळणार नाहीत. अकराही नव्यानं काढतो. फेब्रुवारीत तुमच्या शाळेचं नवीन वर्ष सुरू होतं, तोवर थांबा.

हात कापत होता हो त्यांचा. गेली तीन वर्षं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, अर्धा बशीत. आणि हा माणूस अकरा चित्रं काढणार! मी माझ्या परीनं अस्तराच्या कापडाची एक उशी शिवली, आत मसूर भरले, मनगटाखाली ठेवायला. तिच्यावर हात जड होऊन बसायचा आणि रेघ जरा सरळ यायची. पहिलं चित्र झालं, मला बोलावलं. बघते तर नॅन डोंगराएवढी, आणि मंत्री तिच्या चपलेखाली. मी म्हटलं, "हे काय? आता मला मंत्र्याचीच दया येतेय." भाऊ चिडले. "इतकी वर्षं तो चिरडत होता, आता तिनं चिरडलं तर काय बिघडलं?" म्हटलं, "मला काही बिघडत नाही. पण पोरांनी रोज काय बघायचं? मोठं झालं की कुणालातरी चिरडायचं, हे?" कागद टराटरा फाडला. खिडकीकडे तोंड करून बसले. मी पण बसून राहिले, उठतेय कशाला!

मग मीच म्हटलं, "भाऊ, माझ्याकडे बारीक बाई येते, जाड येते, मॅनेजरची बायको येते, त्यांच्याकडे भांडी घासणारी येते. टेप सगळ्यांना एकच. मी कुणाला पोट आत घे म्हणत नाही, कुणाला वाकून उभी राहा म्हणत नाही. तुम्ही आधी माप घ्या, मग चित्र काढा." भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "नॅन तर नाही. तुमचं घेऊ?" झालं, मला दाराच्या चौकटीला टेकवून उभी केली. "सरळ उभ्या राहा, टेलरबाई. हनुवटी वर. अशी उभी राहायची ती." डोक्यावर पेन्सिलीची खूण. मग बसून हिशेब केला, खांदा कुठे, कोपर कुठे, आणि मी ब्लाउजच्या बेताला वापरते त्या खाकी कागदावर वीतभर उंचीची एक बाई कापली. त्याच उंचीचा मंत्री कापला. व्यंगचित्रं असली बेताचे कागद ठेवून कुणी काढली असतील असं मला वाटत नाही. कोऱ्या कागदावर दोघांना समोरासमोर ठेवायचं, कडेनं पेन्सिल फिरवायची. आमच्या कटिंगसारखंच. हात कितीही कापला तरी उंची चुकायची सोयच उरली नाही.

पण नवीनच अडचण आली. भाऊ डोकं धरून बसले. "दोघं सारखेच उंच झाले, मग अन्याय दिसणार कुठे? आमची अर्धी भाषा उंचीत असते हो. तीच काढून घेतली." चार दिवस नुसते कागदाचे दोन पुतळे सरकवत बसले. पाचव्या दिवशी दुपारी फोन. "टेलरबाई, वर या! डोळे!" मला वाटलं डोळ्यांना काही झालं, तशीच धावले. तर म्हणाले, "अहो, उंची सारखी झाली की डोळे समोरासमोर येतात. लहान काढली होती तेव्हा मंत्र्याला खाली बघायचंच नव्हतं, प्रश्नच नव्हता. आता त्याला तिच्याकडे बघावं लागणार. आणि तो बघणार नाही." झालं, गाडी सुटली. कुलपाच्या चित्रात मंत्र्याच्या हातात किल्ली, आणि नजर मनगटावरच्या घड्याळाकडे. नॅन त्याच्याकडे बघतेय. केकच्या चित्रात दोघं एकाच टेबलाशी, तो सुरी फिरवतोय आणि बघतोय छताकडे. छडीच्या चित्रात इन्स्पेक्टर फळ्याकडे. अकरा चित्रांत अकरा ठिकाणी बघतो तो माणूस, फक्त समोर बघत नाही. मी हसले, आणि मग माझं हसू तोंडातच राहिलं. पहिल्यांदा कळलं मला की ती म्हातारी चिडली का होती.

रीनाला हे पटत नव्हतं. तिची काळजी खोटी नव्हती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, भाऊ दिवसाचे पाच-सहा तास टेबलाशी. एकदा लिफ्टपाशी मला गाठलंच तिनं. "आंटी, तुम्ही त्यांना चढवता. बस झालं आता, खलास. ती मूळ चित्रं पाठवून देऊ, त्या लोकांना ती आवडतात." मी म्हटलं, "मी कशाला चढवू? मला जिना चढवत नाही." ती हसली नाही. "त्यांचा हात बघितलाय? कप धरता येत नाही त्यांना." "कप धरता येत नाही, निब धरता येते, म्हणून तर घाई आहे," मी म्हटलं. "रीना, तू त्यांना झोपवून ठेवशील. ते झोपतील पण. मग कशासाठी उठतील ते सांग." ती लिफ्टमध्ये शिरून वर गेली. आठवडाभर मला पाहिलं की दुसरीकडे बघायची... अगदी त्या मंत्र्यासारखी. मला वाईट वाटत होतं. लेकीची बाजू मला कळत नव्हती असं नाही, मीही कुणाची आई आहे. पण माघार घ्यावी असं एकदाही वाटलं नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. रीना, ऑफिसच्या कपड्यात, घामाघूम. हातात पिशवी. भाऊंची काळी शाई संपली होती, ती बर दुबईच्या एका जुन्या स्टेशनरीवाल्याकडेच मिळायची. ही ऑफिस सुटल्यावर तिकडे गेली होती. "येताना ट्रॅफिकमध्ये दोन तास गेले," म्हणाली. "यल्ला आंटी, चला, द्या त्यांना. आणि सांगा, जेवायचं वेळेवर, नाहीतर बाटली परत करीन." मी म्हटलं, "तूच दे की. मी कोण?" दोघी मिळून वर गेलो. भाऊंनी बाटली उघडून वास घेतला आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्या वेळी कापत होता का, ते मी बघितलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते.

नोव्हेंबरअखेर दहा चित्रं झाली. अकरावं शेवटचं, त्यात दुसरं कुणीच नाही, नॅन आणि मंत्री, शाळेच्या उघड्या दारात. मी शेवटची भेटले ती दुपारी चारला, चहा घेऊन गेले तेव्हा. बघितलं तर नॅनवर शाई चढली होती, लुगड्यासारखी ती माओरी शाल, केस, चपला, सगळं. मंत्री नुसता पेन्सिलीचा. मी विचारलं, "हे उलटं कसं? तुम्ही नेहमी मंत्र्यापासून सुरुवात करता." भाऊ म्हणाले, "चौदा वर्षं त्याच्यापासूनच केली. या खेपेला ती आधी." निब धुतली, फडक्यावर ठेवली. "त्याला उद्या रंगवू. त्याला काही घाई नाही." एवढंच. मी बशी उचलली आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन.

रीनानं त्यांना दफनासाठी वसईला नेलं, आईलाही तिथेच आणलं होतं, तिच्या शेजारी. मला जाता आलं नाही, माझ्या इथल्या राहायच्या व्हिसाचं काम अडकलं होतं. महिन्याची मिस्सा, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना, इथे चर्चमध्ये झाली, तिला मी गेले, मागच्या बाकावर बसले. बाहेर आल्यावर रीना म्हणाली, "आंटी, कुणीतरी चांगला आर्टिस्ट बघून तो मंत्री पूर्ण करून घेऊ या का? डॅडींनी शब्द दिला होता, अकरा." मी म्हटलं, "कुणाला हात लावू देणार नाही." पण मग वाटलं, हट्ट करणारी मी कोण, चित्र तर त्यांचं आहे ज्यांच्या भिंतीवर लागणार. म्हणून रीनाला सरळ नॅनच्या नातीलाच लिहायला लावलं, फोटो पाठवला, विचारलं काय करू. दोन दिवसांनी उत्तर आलं. "त्याला तसाच राहू द्या. आजी खूप हसली असती." रीना मोठ्यानं वाचताना मध्येच थांबली, आणि मग आम्ही दोघी बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच उभ्या राहून हसलो आणि रडलो.

तर आता असं आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रीना स्वतः अकरा चित्रं घेऊन न्यूझीलंडला जाणार आहे, कुरियर नको म्हणाली. तोवर ती माझ्या शिवणाच्या खोलीत भिंतीवर आहेत. अकराव्याला कडेनं दोन बोटं कोरा कागद सोडलेला आहे, तिथे मी टाचण्या लावल्यात, त्या दिवशी तोंडातून काढलेल्या चार, चार कोपऱ्यांना. खुंटीवर ब्लाउजच्या बेतांमध्ये ती खाकी कागदाची वीतभर बाई लटकतेय, तिच्यावर भाऊंच्या अक्षरात "नॅन" लिहिलंय. ती मी देणार नाही, कुणी मागितली तरी. आणि एक चिठ्ठी सापडली त्यांच्या खिशात, त्या लांब खिशात, कात्रणाच्या घडीत: चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

तशीच लावलीत. म्हणजे आपल्यासारख्यांना बघायचं तर वाकावं लागतं. मी रोज वाकते, गुडघे बोलतात, तरी वाकते, आणि कोपऱ्यातली सही वाचते. तुम्ही माझ्या घरी या ना, रीना निघायच्या आत या. चहा आहे, शिरा करीन. वाकायची तयारी ठेवून लवकर या.